तारांशिवाय उभा राहिलेला टॉवर

आमच्या घराचा पत्ता विचारला की जळकोटात कुणीही सांगतं, "टॉवरवाल्या मॅडमचं घर ना? जा सरळ." मी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, पण शिकवण्यामुळे मला ओळखणारे थोडे आणि टॉवरमुळे ओळखणारे जास्त. सुरुवातीला संकोच वाटायचा. आता वाटत नाही. तो टॉवर मी निवडला, त्याचा पाया मी समोर उभी राहून भरून घेतला, आणि दरवर्षी मृगाच्या आधी त्यावर चढून त्याचा एकेक बोल्ट मीच तपासते. अभिमान वाटतो, आणि तसं सांगायला मला काही वाटत नाही.

हा नाद मला नांदेडला कॉलेजात असताना लागला. मुदखेडला रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका राहायचे. त्यांच्या घरावर मोठी अँटेना होती आणि ते घरात बसून, स्वतःच्या यंत्रावर, जगभरच्या अनोळखी माणसांशी बोलायचे. याला हॅम रेडिओ म्हणतात. त्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते, मग परवाना मिळतो. धंद्यासाठी वापरायचा नाही, नुसती हौस. मैत्रिणीबरोबर एकदा त्यांच्याकडे गेले आणि खरखरीतून कुणीतरी स्पष्ट "नमस्ते इंडिया" म्हणालं, तेव्हापासून मी त्यातच आहे. परीक्षा दिली, परवाना मिळाला, आणि थोड्याच दिवसांत लग्न होऊन जळकोटला आले. सामानात भांड्याकुंड्यांबरोबर एक जुना रेडिओ संच आणि तारेचं भेंडोळं होतं.

सासरी मोजकी माणसं. नवरा, सासरे आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. सासऱ्यांना सगळं गाव अप्पा म्हणतं, मीही तेच म्हणायला लागले. बाजारपेठेत त्यांचं लोखंडाचं दुकान. सळया, अँगल, पत्रे, चॅनल, खिळे. रोज सकाळी कपाळाला भस्माचे पट्टे ओढून, गळ्यातल्या लिंगाची पूजा करून ते दुकान उघडायचे. कमी बोलणारे. मला वाटलं होतं, सुनेचं हे खूळ त्यांना रुचणार नाही.

लिंबाच्या झाडापासून छतापर्यंत मी एक साधी तार बांधली होती. एके दिवशी अप्पा तिच्याकडे बघत उभे राहिले.

"यावर किती लांबचं ऐकू येतं?"

"नशीब असलं तर सिंगापूर, अप्पा. पण ही तार एका जागी बांधलेली. दिशा बदलता येत नाही. फिरणारी अँटेना उंचावर बसवली तर पार युरोपपर्यंत बोलता येईल."

"मग बशीव की. लोखंडवाल्याच्या घरात ही सुतळी बांधल्यावानी तार कशाला? लोक काय म्हणतील?"

असा आमचा पहिला टॉवर ठरला.

तो छतावर घ्यावा की जमिनीवर, यावर बरीच चर्चा झाली. छतावर फुकटात उंची मिळते. पण घर जुनं, आणि वादळात अँटेनेवर येणारा वाऱ्याचा सगळा जोर स्लॅबवर जातो. अप्पा म्हणाले, "त्या स्लॅबवर पापड वाळवायला बी मी भितो." मग परसातली जागा धरली. मी एक सडपातळ, त्रिकोणी जाळीचा खांब निवडला. असा खांब स्वतःच्या बळावर उभा राहत नाही. विजेच्या खांबाला असतात तशा ताणाच्या तारा तीन बाजूंनी बांधाव्या लागतात. दोन बाजूंना आमच्याच परसात जागा मिळाली. तिसऱ्या बाजूला मात्र चार पावलांवरच कंपाउंडची भिंत होती. ती भिंत आमची आणि शेजारच्या अक्कांची सामायिक. अप्पांनी अक्कांना विचारलं, त्यांनी मान डोलावली, आणि तिसरी तार भिंतीत जाड हूक रोवून त्याला ताणून बांधली.

अक्का औशाकडच्या. भूकंपात त्यांचं गाव गेलं आणि गावाबरोबर नवरा, सासू, घर, सगळं गेलं. बिलोलीला दुकान चालवणाऱ्या त्यांच्या भावानं त्यांना जळकोटची ही वडिलोपार्जित जागा राहायला दिली. अक्कांनी तिथं विटांचं घर असूनही बाजूला पत्र्याची एक खोली काढून घेतली होती आणि त्या तिथंच झोपायच्या. डोक्यावर जड छत त्यांना सोसायचं नाही. मला दुसऱ्या कुणी हे सांगितलं, त्यांनी स्वतः कधी नाही. मी नवीन सून म्हणून आले तेव्हा पहिल्या महिन्यात भाकरी थापायला त्यांनीच शिकवलं. नांदेडची असून मला भाकरी येत नाही याचं त्यांना फार नवल वाटलं होतं.

पहिला उन्हाळा मजेत गेला. अँटेना हातानं फिरवावी लागायची, म्हणजे अप्पा खालून खांबाला लावलेला दांडा ढकलायचे आणि मी खिडकीतून ओरडायची, "अजून थोडं, अप्पा! बास!" कझाकस्तान, इटली, जपान. अप्पा बाजारात सांगत फिरायचे, "आमची सून काल इटलीवाल्याशी बोलली. मीच फिरवला होता खांब."

मग आषाढातलं वारं सुटलं.

एका दुपारी अक्का आमच्या दारात आल्या. एरवी त्या मागच्या बाजूनं हाक मारायच्या, त्या दिवशी पुढच्या दारानं आल्या, त्यामुळे मी चपापले.

"पोरी, जरा येतीस का?"

मी त्यांच्यामागं गेले. त्यांनी मला सामायिक भिंतीपाशी नेलं, माझा हात धरला आणि तळवा भिंतीवर टेकवला. भिंत थरथरत होती. फार नाही, अंगात बारीक ताप असावा तेवढीच. वाऱ्यानं ताणाची तार गुणगुणत होती आणि तो नाद हुकातून भिंतीत आणि भिंतीतून जमिनीत उतरत होता. त्यांच्या पत्र्याच्या खोलीचा एक कोपरा त्याच भिंतीला टेकलेला. पत्र्यातून तो आवाज घुमून बाहेर पडत होता.

"तवा बी असाच आवाज आला होता," अक्का म्हणाल्या. "जमिनीतून. मला कळतंय गं, ही तार हाय म्हणून. पण अंगाला कळत न्हाई."

त्या रागावल्या नव्हत्या. टॉवर काढा असंही म्हणाल्या नाहीत. वारं सुरू झाल्यापासून त्या रोज रात्री अंगणात खाट टाकून बसतात, एवढंच सांगून चहा ठेवायला उठल्या.

घरी येऊन मी अप्पांना सांगितलं, "तो खांब उतरवायचा."

अप्पा संतापले. "तारेचा आवाज हाय तो! भिंत काय पडून राहिली का? अख्ख्या बाजाराला सांगून बसलो मी."

"अप्पा, त्यांना झोप येत नाही."

"तार ढिली कर मग."

"ढिली केली तर खांब जागेवर राहत नाही. आणि ताण कमीजास्त करून आवाज थोडा बदलेल, जाणार नाही."

ते दुकानात निघून गेले. नवरा म्हणाला, "राहू दे दोन दिवस, विषय काढू नको." मी काढला नाही. दुसऱ्या दिवशी वारं जोरात होतं. जेवायला घरी आलेले अप्पा हात धुऊन ताटावर बसायच्या आधी अचानक चप्पल घालून बाहेर पडले. मी मागच्या दारातून पाहिलं. अक्कांच्या परवानगीनं ते त्यांच्या अंगणात गेले आणि भिंतीवर तळवा ठेवून उभे राहिले. खूप वेळ. मग त्या पत्र्याच्या खोलीत जाऊन आले. परत येऊन पाटावर बसले आणि म्हणाले, "काढ."

खांब उतरवला. त्याच रात्री जेवताना अप्पांनीच विचारलं, "बिनतारेचा उभा राहत न्हाई का?"

राहतो. त्याला रुंद पायाचा, वर निमुळता होत जाणारा जाड अँगलचा टॉवर लागतो, आणि लोखंड तिप्पट. शिवाय ताणाच्या तारा जे काम करतात ते सगळं पायाला करावं लागतं. म्हणजे पाया खोल हवा. आमच्या भागात हीच मोठी अडचण. काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून वर येते. त्या मातीत कसंही काँक्रीट ओतलं तर चार वर्षांत टॉवर एका बाजूला कलणार हे नक्की. माती संपून मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, मगच पाया.

मी मुदखेडला काकांकडे गेले. त्यांचे गुडघे आता चढू देत नव्हते, म्हणून त्यांनी मोठी अँटेना उतरवून साधी तार लावली होती. त्यांनी माझी आकडेमोड बघितली. वाऱ्याचा वेग, अँटेनेचं क्षेत्रफळ, पायाचं वजन.

"उंची कमी का धरलीस?" त्यांनी विचारलं. "हॅमला विचार, कुणी म्हणेल का उंची जास्त झाली म्हणून? जेवढी वर, तेवढी लांब."

"नवी जागा परसाच्या दुसऱ्या टोकाला घेतलीय काका, शेजारच्या भिंतीपासूनचं अंतर मोजून. सगळ्यात वरच्या टोकासकट आडवा पडला तरी भिंतीला लागायला नको."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग आत जाऊन एक जड खोका आणला. त्यात रोटर होता. अँटेना फिरवणारी मोटार म्हणजे रोटर. टॉवरच्या आत, वरच्या टोकाखाली बसवतात, आणि खाली टेबलावर त्याचा डबा असतो. बटण दाबलं की वर अँटेना फिरते आणि डब्यावरचा काटा दिशा दाखवतो. "हा जुना आहे, पण दणकट आहे," काका म्हणाले. "माझ्याकडं नुसता पडून राहणार. तू फिरव."

घरी आल्यावर मी अक्कांकडे गेले आणि नव्या टॉवरचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "पडला तर?"

आकडेमोडीचा उपयोग नव्हता. मी दुकानातून एक दोर आणला आणि टॉवरची उंची अधिक वरचा खांब, एवढा मोजून कापला. जिथं पाया येणार होता तिथं खुंटी ठोकून त्याचं एक टोक बांधलं आणि दुसरं टोक अक्कांच्या हातात दिलं. "तुमच्या घराकडं चला, अक्का."

त्या दोर धरून चालत गेल्या. दोर ताणला गेला आणि भिंतीच्या अलीकडे, आमच्या मोगऱ्याच्या वाफ्यापाशी त्या थांबल्या. एकदा ओढून बघितला. पुन्हा ओढला. दोर सरकेना.

"हितवर?"

"इथवर. याच्या पुढं नाही."

अक्कांनी भिंतीकडे बघितलं, हातातल्या टोकाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग करा."

माझ्या आजवरच्या सगळ्या परीक्षांमध्ये त्या उत्तराइतका आनंद मला कुठल्याच निकालानं दिलेला नाही.

काम पुढच्या उन्हाळ्यात झालं. अप्पांनी उदगीरच्या एका मोठ्या व्यापाऱ्याकडून अँगल मागवले, आणि आलेला प्रत्येक अँगल एक डोळा मिटून त्याच्या लांबीवरून नजर फिरवत तपासला. जरा वाकडा दिसला की बाजूला. मी प्रत्येक जोडाची भोकं मोजून बघायची. एकदा वेल्डर वैतागून म्हणाला, "मॅडम, रॉकेट सोडायचंय का?" अप्पा म्हणाले, "सून वर चढणार हाय त्याच्यावर. नीट जोड." त्यावर त्या वेल्डरनं मला एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं आणि मग खरंच नीट जोडलं.

सगळे भाग जस्ताचा मुलामा देऊन आणले, कारण नुसता रंग मराठवाड्याच्या उन्हापुढं टिकत नाही. खड्डा खणताना काळी माती संपता संपेना. मजूर म्हणाले, आता विहीरच काढा. शेवटी पिवळा मुरूम दिसला तेव्हा मी खाली उतरून पहार मारून बघितली. काँक्रीट भरल्यावर त्यावर ओली पोती टाकली. मी कॉलेजात असताना त्या पोत्यांवर पाणी कोण मारायचं? अक्का. मी त्यांना सांगितलंही नव्हतं.

रोटर आम्ही जेवणाच्या टेबलावर उघडला. आतलं जुनं ग्रीस डिंकासारखं घट्ट झालं होतं. खोबणीतल्या पोलादी गोळ्या काढून पितळेच्या परातीत ठेवल्या आणि मी, अप्पा, नवरा आणि अक्का, चौघांनी मिळून त्या डिझेलनं धुतल्या. अक्का एकेक गोळी पदरानं पुसायला लागल्या. मी म्हटलं, "अक्का, लुगडं खराब होईल, ही चिंधी घ्या." त्या म्हणाल्या, "चिंधीचे धागे लागतेत. आत अडकले तर?" बरोबर होतं. मग नवऱ्यानं स्वतःचा एक जुना सुती सदरा फाडायला दिला, त्याचे धागे निघत नव्हते. नवं ग्रीस भरून, गोळ्या परत बसवून मी तो टेबलावरच वीज जोडून फिरवला. खरखर न करता तो सावकाश गोल फिरला आणि आम्ही चौघं त्याच्याकडे बघत बसलो. अप्पा म्हणाले, "देवाच्या गाभाऱ्यात बी इतकं शांत बसत न्हाई आपण."

टॉवर उभा राहिला. वर चढायचा दिवस आला तेव्हा गल्ली जमली होती. मी नवऱ्याची जुनी पँट, पूर्ण बाह्यांचा कुर्ता आणि अंगभर पट्ट्यांचा सुरक्षा-पट्टा घातला होता. दोन दोऱ्या. एक हुकवल्याशिवाय दुसरी सोडायची नाही. समोरच्या घरातली एक बाई मोठ्यानं म्हणाली, "सून चढतीय आणि सासरा खाली उभा!" अप्पांनी मागं वळून सांगितलं, "मला येत न्हाई. तिला येतं."

मी चढले. पहिले काही टप्पे हात घट्ट धरून, मग सवय झाली. अर्ध्यावर वारं लागलं. घामानं तळवे निसरडे झाले होते, म्हणून थांबून कुर्त्याला पुसले. खाली अप्पा कप्पीचा दोर धरून उभे होते, त्यावरून एकेक वस्तू वर यायची. आधी रोटर, मग वरचा खांब, मग त्याला टॉवरच्या माथ्यावर पेलणारं बेअरिंग. हे बेअरिंग महत्त्वाचं. ते नसलं तर अँटेनेचं सगळं वजन रोटरवर येऊन तो लवकर झिजतो. शेवटी अँटेना. ती वर येताना तिचे लांब हात वाऱ्यावर डुलत होते आणि अप्पांच्या हातातला दोर इतका एकसारखा सुटत होता की एकदाही ती टॉवरला घासली नाही. केबल खांबाभोवती सैल वेढा देऊन बांधली, म्हणजे अँटेना फिरताना ती पिळली जाणार नाही. खालून अप्पा ओरडले, "कासरा ढिला ठेव! बैल फिरला पायजे!"

आणि अक्का? त्या भिंतीपलीकडे तोंडात पदर धरून उभ्या होत्या. मी शेवटचा बोल्ट आवळून वाकले तेव्हा त्यांचा आवाज आला, "खाली बघू नको! काम झालं का? मग ये!"

वरून दिसणारं जळकोट मी पहिल्यांदाच पाहत होते. पत्र्यांची छपरं, देवळाचा कळस, तुरीची रानं, त्यापलीकडे उतरत जाणारी टेकडी. थोडा वेळ मी मुद्दाम उतरले नाही.

त्या टॉवरला जपणं हे आमच्या घरातलं कायमचं काम होऊन बसलं. वर्षातून एकदा बोल्ट, गंज, ग्रीस. दिशा दाखवणारा काटा चुकायला लागला की रोटर खाली घ्यायचा. आभाळातल्या विजेसाठी पुरलेल्या तांब्याच्या पट्टीभोवती कोळसा आणि मीठ घातलेला खड्डा आहे, तो ओला राहावा लागतो, नाहीतर वीज जमिनीत उतरत नाही. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असायची, खड्ड्यात ओतायला कुठून आणणार? अक्का भांडी विसळलेलं पाणी बादलीत साठवून भिंतीपलीकडून द्यायच्या. "तुझ्या खांबाला पाज," म्हणायच्या.

रोटरच्या डब्याचा ताबा अप्पांनी घेतला. बोलायचा परवाना माझा, फिरवायचं काम त्यांचं. दिशा त्यांनी स्वतःच्या पद्धतीनं बसवल्या होत्या. जपान म्हणजे बिलोलीकडं. ऑस्ट्रेलिया देगलूरच्या जरा खाली. युरोप अहमदपूरच्या वर. मी ब्राझीलवाल्याला ऐकत असले की विचारायचे, "याचं गाव कुणीकडं?" आणि सांगितलं की बटण दाबून काट्याकडे डोळे लावून बसायचे. आवाज मोठा होत गेला की माझ्याकडे बघून हसायचे.

मग एका मे महिन्यात ते वादळ आलं. भर दुपारी आभाळ मातीच्या रंगाचं झालं आणि बघता बघता असं वारं सुटलं की बाजारातले पत्रे कागदासारखे उडाले. मी कॉलेजात परीक्षेच्या कामात अडकले होते. नवरा दुकानाचा माल आणायला लातूरला गेला होता. अप्पा दुकानात. वारं आणि पाठोपाठ आलेल्या गारा थांबल्यावर मी घराकडे पळत निघाले. रस्त्यात लिंब आडवे पडलेले, विजेचे खांब वाकलेले, एक जाहिरातीचा फलक रिक्षावर कोसळलेला, सुदैवानं आत कुणी नव्हतं. फोन बंद. सगळ्या गावाचा फोन बंद. माझ्या डोक्यात एकच विचार होता, आणि तो टॉवरचा नव्हता. पत्र्याची ती खोली.

वळणावर आले आणि आधी टॉवरच दिसला. सरळ. त्याखाली, आमच्या परसात, भिजून चिंब झालेल्या अक्का आणि त्यांच्या डोक्यावर पोतं धरून अप्पा. अप्पाही वाट काढत नुकतेच पोचले होते. खोलीचे दोन पत्रे उचकटले होते. अक्का त्याआधीच बाहेर पडून आमच्याकडे आल्या होत्या.

"अक्का, घरात का नाही गेलात? वादळात टॉवरजवळ थांबतात का? वीज पडली असती!"

"तुमच्या मागल्या दाराच्या आत होते की. आताच भाईर आले," त्या म्हणाल्या. थंडीनं त्यांचे दात वाजत होते. "दारातून बघत होते त्येच्याकडं. म्हटलं, बघू तरी. हललाच न्हाई गं. वरचं ते गरकन फिरलं, पण खांब हलला न्हाई."

खरंच, रोटरचा ब्रेक वाऱ्यापुढं सुटून अँटेना भलतीकडे तोंड करून बसली होती आणि तिचा एक हात वाकला होता. ते महिनाभराचं काम. पण टॉवर त्याच्या पायावर जसाच्या तसा होता. अप्पांनी पायाचा कोपरा न् कोपरा पाहिला, काँक्रीट पाहिलं, कुठं चीर नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्नानंतर नमस्कार केला तेव्हा ठेवला होता, त्यानंतर हाच.

वीज नव्हती, पण संच बॅटरीवर चालतो. जवळच्या माणसाशी बोलायला फिरणारी अँटेना लागतच नाही. टॉवरच्या खांद्यावरून दोन्हीकडे उतरणारी एक साधी तार असते, ती पुरते. मी संचाला त्या तारेची केबल जोडली, संच लावला आणि मुदखेडच्या काकांना हाक मारायला लागले. तिसऱ्या-चौथ्या हाकेला त्यांचा आवाज आला. तिकडे फोन चालू होते.

"जळकोटात मोठं वादळ झालंय काका. फोन बंद आहेत. आमच्या ह्यांना लातूरला फोन करून सांगाल का, की अप्पा आणि मी ठीक आहोत?" मी नंबर सांगितला.

"सांगतो. आणखी कुणाला?"

मी मागं बघितलं. अक्का माझ्या साडीत, खुर्चीच्या कडेला टेकून बसल्या होत्या.

"माझ्या भावाला सांगता येईल का?" त्यांनी विचारलं. "बिलोलीला. त्या वेळी त्याला कळायला लई वेळ लागला होता. ढिगारे हुडकत फिरला होता माझ्यासाठी. कुणी सांगितलंच न्हाई त्याला, मी जिती हाय म्हणून."

भावाचा नंबर त्यांना पाठ होता. मी एकेक आकडा सावकाश सांगितला आणि काकांनी तो परत वाचून दाखवला. मग आम्ही थांबलो. अप्पांनी बाहेर जाऊन चूल पेटवता येते का पाहिलं. थोड्या वेळानं संचातून काकांचा आवाज आला, "दोघांशी बोलणं झालं. लातूरवाले निघतायत, रस्ता बघून येतील. आणि बिलोलीच्या दादांनी सांगितलंय, अक्काला म्हणावं, उद्या सकाळी मी येतो."

अक्कांनी तोंडावर पदर घेतला. मी माइक खाली ठेवला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.

नवरा अंधार पडता पडता आला. उदगीरच्या पुढं झाडं पडल्यानं त्यानं मोटार मागं ठेवून ट्रॅक्टरवर बसून वाट काढली होती. ट्रॅक्टरवाल्याला, आणि नंतर आठवडाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला, तो एकच गोष्ट सांगत होता, "फोन बंद होता हो, पण बायकोचा निरोप मला लातुरात मिळाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आला. पिशवीत केळी, पत्रे ठोकायचे हूक आणि एक नवं लुगडं. बहिणीला बघितलं आणि आधी तिच्या पत्र्याच्या खोलीभोवती फेरी मारून आला. मग अक्का त्याला भिंतीतल्या छोट्या दिंडी-दारातून आमच्या परसात घेऊन आल्या. मी आत चहा करत होते, मला खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"हा बघ. ताणाची तार न्हाई एक बी. खाली मुरूम हाय, मुरमापस्तोर खणलंय. मी सवता पाणी मारलं त्याला. आणि ते वर दिसतंय ना, डबा, त्यात गोळ्या हायेत पोलादाच्या. त्या आम्ही धुतल्या. त्याच्यानं फिरतं. जपान हिकडं, तुझ्या बिलोलीकडं."

"मग तुला बी येतं का बोलायला यावर?"

"मला कशाला?" अक्का म्हणाल्या. "आमची पोरगी बोलती की. वर बी तीच चढती."

भाऊ मान वर करून बघत राहिला. मी चहा गाळला, बशा मांडल्या, आणि बाहेर जायच्या आधी आरशात बघून डोळे पुसले.